लाइट गेली की रेडिओ बोलतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात पूर-तयारीच्या बैठकीचा एक फोटो होता. नदीकाठच्या गावातली खोली, टेबलावर लाइफ जॅकेटं, दोरांची वेटोळी, बॅटऱ्या आणि चार्जरमध्ये उभे केलेले चार वॉकीटॉकी. बाकीच्यांनी फोटोत कोण कोण बसलंय ते बघितलं असेल. माझी नजर गेली मागच्या खिडकीवर. खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेली अँटेना, आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर नवीकोरी एलईडी ट्यूब. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. वीतभरच.

मी पाटबंधारे खात्यात बिनतारी यंत्रचालक होते. २९ वर्षं. पावसाळ्यात दर तासाला, आणि पाणी चढायला लागलं की दर अर्ध्या तासाला, वरच्या ठाण्यांवरून पावसाचे आणि पाण्याचे आकडे घ्यायचे आणि वहीत उतरवायचे. कोयना, नवजा, महाबळेश्वर. आज सांगलीकर हे आकडे मोबाइलवर बघतो. आमच्या वेळी "आयर्विनला किती झालं?", म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं, हे विचारायला लोक थेट कक्षात फोन करायचे, त्यात माझ्या नणंदेचा नंबर पहिला. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण तो आकडा इथवर येतो कसा, हे मात्र फार कुणी विचारत नाही.

मराठी आकड्यांची एक खोड बिनतारीवर बसल्याशिवाय कळत नाही. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. तिन्हींची सुरुवात एकच, आणि जो भाग कामाचा तो शेवटी. नेमका तोच खरखरीत बुडतो. बावन्न-बासष्ट, त्रेपन्न-त्रेसष्टचीही तीच गत. म्हणून आकडे सुटे बोलायचे, "पाच, नऊ", असा आमचा दंडक होता. पण सलग तिसरी रात्र जागलेला माणूस दंडक विसरतो. २००५ च्या पुरात, जेव्हा आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, त्या दिवसांतल्या एका पहाटे वरच्या एका ठाण्यावरून पावसाचा आकडा आला, "एकोण..." आणि पुढे खर्रर्र. पलीकडची बॅटरी उतरलेली. मी तीनदा विचारलं, तीनदा "एकोण"च ऐकू आलं. शेवटी तो गडी ओरडला, "सहा! नऊ! बाई, सहा-नऊ!" तेव्हा कुठे मी पेन टेकवलं. दहा मिलिमीटरची चूक कागदावर किरकोळ दिसते. कोयना धरणाचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९० चौरस किलोमीटर. तेवढ्या सगळ्यावर दहा मिलिमीटर पडला असं धरलं, तर तेच पाणी पाव टीएमसीच्या, म्हणजे पाव अब्ज घनफुटांच्या, वर जातं.

हे सगळं बोलणं चालायचं व्हीएचएफवर. ३० ते ३०० मेगाहर्ट्झ या पट्ट्याला ते नाव आहे. आकडेवारी बाजूला ठेवा, मी तो पट्टा वेगळ्या मापानं लक्षात ठेवते. ३० मेगाहर्ट्झची लाट १० मीटर लांब, म्हणजे आमच्या गावभागातल्या जुन्या वाड्याच्या चौकाएवढी. ३०० मेगाहर्ट्झची लाट एक मीटर, म्हणजे सासूबाईंच्या काठीएवढी. मधे सगळा संसार. एफएम रेडिओ ८८ ते १०८ मध्ये, त्याची लाट सुमारे तीन मीटर. विमानं विमानतळाशी बोलतात ती ११८ ते १३७ मध्ये. हॅम रेडिओवाल्यांना, म्हणजे हौसेखातर परवाना काढून बिनतारीवर बोलणाऱ्यांना, आपल्याकडे १४४ ते १४६ दिलेत. जहाजांचं संकटकाळचं १६ नंबरचं चॅनेल १५६.८ वर. दूरदर्शन घरात आलं तेही याच पट्ट्यातून. सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे तोंड करून छपरावर मासळीच्या काट्यासारख्या अँटेना उभ्या असायच्या, आणि एक माणूस वर चढून "आलं का?" म्हणून ओरडायचा, ते ज्यांनी केलंय त्यांना व्हीएचएफ वेगळं शिकवायला नको.

या लाटा साधारण नजरेच्या रेषेत जातात. मधे डोंगर आला की अडल्या. म्हणून रिपीटर, म्हणजे आलेला आवाज पकडून पुढे फेकणारा संच, डोंगरावर ठेवायचा आणि अँटेना जमेल तितकी उंच न्यायची. ९ मीटर बांबूवर अँटेना चढवली तर तिचं क्षितिज साधारण १२ किलोमीटरवर जातं. हे अंतर दुप्पट करायचं तर बांबू चौपट लागतो. खिडकीचा गज मी तेव्हाही कुणाला वापरू दिला नसता. पण फोटोबद्दलचं माझं दुखणं उंचीचं नाही, ट्यूबचं आहे. ते कळायला माझ्या घरात काय झालं ते सांगावं लागेल.

निवृत्तीनंतर हात शिवशिवत होते, म्हणून परीक्षा देऊन हॅमचा परवाना काढला. छोटा ५ वॅटचा संच घेतला आणि गच्चीवर अँटेना लावली. सौभाग्यवती रात्री गच्चीत जाऊन कुणाशी बोलतात, असा आमच्या ह्यांना काही दिवस प्रश्न पडला होता, तो आता मिटला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून जातं आणि त्याच्यावरचा हॅम संच १४५.८ मेगाहर्ट्झवर खाली बोलतो. डिश लागत नाही, साधी अँटेना पुरते, कारण मधे अडायला काही नाही. शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये तिथे होते तेव्हा हॅम रेडिओवरूनच भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले होते. कधी कधी तिथून चित्रंही येतात. ऐकायला नुसती चिरचिर, रातकिड्याला शिट्टी दिल्यासारखी. पण मोबाइल संचाजवळ धरला की ॲपमध्ये तीच चिरचिर एकेक ओळ करत चित्र होते. एका चित्राला दोनेक मिनिटं लागतात. माझा नातू त्यासाठी अभ्यास टाकून पळत येतो, आणि मी त्याला येऊ देते.

एका संध्याकाळी चित्र उतरत होतं. वरचा तिसरा भाग स्वच्छ आला. नंतर एकदम आडव्या काळ्या-पांढऱ्या रेघा सुरू झाल्या, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तशा, आणि शेवटपर्यंत गेल्याच नाहीत. "आज्जी, स्थानक गेलं का डोंगराआड?" स्थानक तेव्हा जवळजवळ डोक्यावर होतं. दुसऱ्या दिवशी तेच, आणि वेळही तीच, दिवेलागणीची. नातवानं मग खाली जाऊन मेन बोर्डावरचे खटके एकेक पाडायला सुरुवात केली आणि मी वर संचाला कान लावून बसले. स्वयंपाकघर पाडलं, खरखर तशीच. हॉल पाडला, तशीच. ह्यांच्या मालिकेचा टीव्ही गेला, त्यावर जे बोलणं झालं ते छापण्याजोगं नाही. चौथ्या खटक्याला संच असा गप्प झाला, की मला आधी वाटलं तोच बंद पडला. आणि त्या शांततेत हरिपूरकडचे एक हॅम काका, जे आठवडाभर "बाई, तुम्ही उत्तर का देत नाही?" म्हणत होते, ते स्पष्ट ऐकू आले.

चौथा खटका देवघराचा. गुन्हेगार माझ्याच देवापुढे बसलेला, आणि आणलेला मीच. हातगाडीवरून घेतलेला ४० रुपयांचा बल्ब. पाकिटावर ना कुठली खूण, ना बनवणाऱ्याचं नाव. गॅरंटी तोंडी.

तो बल्ब आम्ही फोडून बघितला. एलईडीला घरातली २३० व्होल्टची वीज थेट चालत नाही. आत एक छोटी पट्टी असते, ती विजेचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे करून एलईडीला पाहिजे तेवढीच वीज देते. अशी खटखट चालली की तिच्या मूळ वेगाच्या पटीपटीत गोंगाट वर वर चढत जातो, थेट आमच्या १४५ मेगाहर्ट्झपर्यंत आणि पुढेही. तो बाहेर पडू नये म्हणून वाटेत एक बारीक कॉइल आणि एक-दोन कपॅसिटर ठेवायचे असतात. आमच्या बल्बच्या पट्टीवर कॉइलची जागा छापलेली होती, भोकंही पाडलेली होती. कॉइल मात्र नव्हती. त्या दोन भोकांत सरळ एक तार डकवलेली. म्हणजे ज्यानं आराखडा काढला त्याला माहीत होतं, आणि ज्यानं बनवला त्याने रुपया-दोन रुपये वाचवले. राहिला प्रश्न हा गोंगाट घराबाहेर कसा पडतो. १४५ मेगाहर्ट्झची लाट दोन मीटरची, आणि देवघराच्या बल्बची वायर मी टेपनं मोजली, भरली सव्वा मीटर. या पट्ट्यासाठी ती चांगली ठणठणीत अँटेनाच झाली. मुद्दाम बांधायला गेले असते तर याहून फार वेगळी बांधली नसती. व्हीएचएफची लाट घराच्या मापाची आहे, म्हणूनच घरातली प्रत्येक वायर तिला सामील होते.

बल्ब बदलला. चांगल्या बनावटीचा १०० रुपयांच्या आसपास मिळाला आणि देवघर पूर्वीसारखंच उजळलं. चारच दिवस शांतता मिळाली. मग शेजारी एक नवी इमारत राहायला आली. तिच्या फाटकापासून गच्चीपर्यंत शोभेच्या पट्ट्या आणि कंपाउंडवर वीस-बावीस गोल दिवे. सहा वाजून गेले की माझा संच कढईत मोहरी पडल्यासारखा तडतडायला लागतो, तो रात्री बारापर्यंत. संच कशाला, स्वयंपाकघरात एफएम लागत नाही, आणि आकाशवाणीचं सांगली केंद्र, १२५१ किलोहर्ट्झ, जे १९६३ पासून या भागानं ऐकलं, ते दिवेलागणीनंतर नुसतं गुरगुरतं. मधे एकदा रात्री आठला लाइट गेली. सगळी गल्ली हळहळली आणि मी एकटी खूष होऊन गच्चीवर पळाले. पाऊण तास संच असा बोलला म्हणता! लाइट आली आणि तोंड मिटलं.

मी त्या इमारतीच्या पदाधिकाऱ्यांकडे गेले. माणूस सभ्य. चहा दिला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काकू, पण आता रेडिओ ऐकतंय कोण?" एका कचेरीतही अर्ज दिला. 'आपला अर्ज संबंधितांकडे पाठवला आहे' असं उत्तर आलं. ते संबंधित कोण, हे त्या कचेरीलाही ठाऊक नसावं, असा मला संशय आहे.

रेडिओ कोण ऐकतंय? २०१८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलानं जहाजांसाठी एक इशारा काढला होता. एका बंदरातल्या बचाव केंद्राला एका जहाजाशी व्हीएचएफवर काही केल्या बोलता येईना. कारण निघालं जहाजावरचे एलईडी दिवे. संच उत्तम, अँटेना उत्तम, पण दिव्यांच्या गोंगाटानं संच बहिरा झालेला. त्या इशाऱ्यात तपासायची साधी रीतही दिली आहे, आणि त्यासाठी कुठलं यंत्र लागत नाही. दिवे बंद करा. संच रिकाम्या चॅनेलवर ठेवा. स्क्वेल्चचं बटण फिरवून खरखर जेमतेम थांबेल तिथे सोडा. मग दिवे लावा. खरखर परत आली तर दिवे दोषी. बस्स. दिव्यांनी किती गोंगाट करावा याचा आंतरराष्ट्रीय मापदंडही आहे, सिस्पर १५ नावाचा, आणि त्यात ३० ते ३०० मेगाहर्ट्झमधला गोंगाटही मोजला जातो. हातगाडीवरच्या बल्बला तो कोण लावणार, हा वेगळा प्रश्न.

लांब कशाला, आपल्याच जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही आकाशातून येणाऱ्या रेडिओलाटा ऐकणारी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. तिच्या मूळ पट्ट्यांपैकी १५० आणि २३३ मेगाहर्ट्झ हे दोन व्हीएचएफमधलेच. ती जागा निवडली तीच रेडिओचा गोंगाट कमी म्हणून. नातवाची सहल तिथे गेली होती तेव्हा फाटकातच मोबाइल बंद करायला लावले. घरी आल्यावर मला म्हणतो, "आज्जी, ते लोक तुझ्यासारखेच आहेत." मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आमचे हे या सगळ्यावर एक चांगला प्रश्न विचारतात. पूर आला की पहिली जाते ती लाइट. २०१९ ला आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी होतं, आमच्या अर्ध्या जिन्यापर्यंत आलं होतं, दिवस दिवस लाइट नव्हती. मग तुझ्या रेडिओला अडचण कसली, उलट रान मोकळं! बरोबर आहे. गावातल्या छपरावर अडकलेल्या माणसापाशी शांतताच असते. त्याच्या संचाला नियंत्रण कक्ष खणखणीत ऐकू येतो. पण कक्षात जनरेटर चालू असतो, इन्व्हर्टर असतो, आणि सगळे दिवे लखलख जळत असतात. गोंगाट बाधतो तो ऐकणाऱ्याला, बोलणाऱ्याला नाही. म्हणजे कक्ष बोलतो ते सगळ्यांना कळतं आणि कक्षाला मात्र कुणाचंच कळत नाही. छपरावरच्या माणसाच्या हातात ५ वॅटचा संच, बॅटरी उतरत आलेली. हे वॉकीटॉकीही एफएम पद्धतीनंच बोलतात, आणि अशा संचावर क्षीण आवाज हळूहळू बारीक होत नाही. एका हद्दीपर्यंत तो नीट येतो आणि हद्द ओलांडली की एकदम खरखरीत गडप होतो. ती हद्द कुठे येणार, हे त्या वीतभर अंतरावरच्या ट्यूबवर ठरतं. तो तिकडून "एकोण..." म्हणेल, आणि पुढे काय ते कुणाला कळणार नाही. त्याला वाटेल, आपण सांगितलं.

मोबाइल आहेत की, असंही कुणी म्हणेल. आहेत, आणि चालतात तोवर उत्तमच. मोबाइलच्या मनोऱ्यालाही वीज लागते, त्याच्या जनरेटरला डिझेल लागतं आणि डिझेलच्या गाडीला रस्ता. व्हीएचएफच्या दोन संचांना मधे कुणीच लागत नाही, म्हणून तर ते टेबलावर मांडलेत. (ते संच परवान्याचे असतील, असं मी धरून चालते. ऑनलाइन मिळतात म्हणून घेतले आणि बोलायला लागलो, असं या पट्ट्यात चालत नाही. बिनपरवाना वापराची मुभा आहे ती ४४६ मेगाहर्ट्झच्या छोट्या कमी ताकदीच्या संचांना, आणि तो पट्टा व्हीएचएफच्या वरचा.)

दिवे काढून मेणबत्त्या लावा, असं मी म्हणत नाही. माझ्याही घरी सगळे एलईडीच आहेत. सोसायटीसाठी शंभर बल्ब घ्यायचे असतील तर दुकानात जाताना खिशात छोटा ट्रान्झिस्टर न्यावा. रिकाम्या जागी लावावा, दुकानदाराला बल्ब पेटवायला सांगावं आणि ट्रान्झिस्टर जवळ धरावा. गुरगुरला तर तो बल्ब नको. दुकानदार हसतो, हसू द्यावं. मी दोन दुकानांत हे केलं, दुसऱ्यानं मलाच विचारलं की बाई, यातला चांगला कुठला ते सांगा. आधीच लावलेल्या दिव्यांच्या वायरवर फेराइटचे मणी चढवले तरी बराच फरक पडतो. जुन्या मॉनिटरच्या केबलला टोकाशी जो जाड गोळा असायचा, तोच हा. शेजारच्या इमारतीला मी माझ्या खर्चानं देऊ केलेत, उत्तराची वाट बघते आहे.

नदीकाठच्या गावांसाठी मात्र थांबायला वेळ नाही. मृग निघायच्या आत प्रत्येक कक्षात ती स्क्वेल्चची तपासणी एकदा करावी, आणि ती रात्री करावी, सगळे दिवे लावून, जनरेटर चालू ठेवून. दुपारी पंख्याखाली केलेली तपासणी ही तपासणी नव्हे. दहा मिनिटांचं काम आहे. आकडे सुटे बोलायची सवयही त्याच वेळी पोरांना लावावी.

आणि फोटोतल्या त्या गावकऱ्यांनी बाकी काही नाही केलं तरी चालेल, ती अँटेना तेवढी खिडकीतून काढून गच्चीवर न्यावी. केबल पुरणार नाही, हे फोटोतच दिसतंय. माझ्याकडे चांगल्या जाड केबलचं १५ मीटरचं वेटोळं माळ्यावर पडून आहे. आपल्या कार्यालयाकडे माझा पत्ता आहे, कुणालाही पाठवा. दुपारी तीन ते चार सोडून कधीही यावं, तेव्हा मी झोपते.

आपली वाचक,
एक निवृत्त बिनतारी यंत्रचालक
गावभाग, सांगली
(नाव व पत्ता कार्यालयास कळवला आहे.)